नेपोलियनला नडलेला जर्मन सरदार

महोदय,
नेपोलियनचा विषय निघाला की आपल्याकडे लढायांचेच वर्णन होते. त्याच्याशी झुंजलेल्या हाइनरिश फ्रीड्रिश कार्ल फोम श्टाइन या जर्मन सरदाराचे नाव मात्र क्वचितच कानावर पडते, याची मनापासून खंत वाटते.

नासाऊच्या जुन्या सरदार घराण्यात 1757 मध्ये जन्मलेल्या श्टाइनची नेपोलियनकडून प्रशिया या जर्मन राज्याचा पराभव झाल्यानंतर तिथला मुख्य मंत्री म्हणून नेमणूक झाली, तेव्हा खुद्द नेपोलियननेच त्याचे नाव सुचवले होते. स्वतः जमीनदार असूनही त्याने 9 ऑक्टोबर 1807 च्या फर्मानाने भूदासपद्धती (शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जमिनीला बांधून ठेवणारी प्रथा) मोडीत काढण्याची सुरुवात केली आणि 19 नोव्हेंबर 1808 च्या कायद्याने शहरांना आपला कारभार निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत चालवण्याचा हक्क दिला. (शेतकऱ्यांना जमिनीची मालकी मात्र त्या फर्मानाने मिळाली नाही, हेही नमूद केले पाहिजे.)

फ्रेंचांविरुद्ध उठावाची आशा व्यक्त करणारे त्याचे एक पत्र फ्रेंचांच्या हाती लागले, पॅरिसच्या सरकारी वृत्तपत्रात छापले गेले आणि त्याचे मंत्रिपद गेले. 16 डिसेंबर 1808 रोजी माद्रिदहून निघालेल्या हुकुमात नेपोलियनने त्याला ‘श्टाइन नावाचा इसम’ असे हिणवून शत्रू ठरवले व त्याची मालमत्ता जप्त केली. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, बर्फाळ डोंगर घसरगाडीने ओलांडून त्याने ऑस्ट्रियाच्या सत्तेखालील बोहेमिया गाठले. पुढे 1812 मध्ये रशियाच्या झारने त्याला सल्लागार म्हणून बोलावले. आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या माणसाला किमान एक परिच्छेद तरी मिळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे