आईची एकशे दहा साखर

सनीवेल, कॅलिफोर्निया
१८ जून २०००

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "आईबापांना फोन करायला आता गजर लागतो का?" असं म्हणून तुम्ही रिसीव्हर आईकडे दिलात. फोनकार्डावरची मिनिटं संपत आली होती, नीट बोलणं झालं नाही. तुमची आठवण राहत नाही म्हणून गजर लावलेला नाही हो. इथे शनिवारी संध्याकाळचे साडेसात होतात तेव्हा तुमच्याकडे रविवारी सकाळचे आठ. हल्ली शनिवारीही मी बरेचदा ऑफिसातच असतो, घड्याळाकडे लक्ष नसतं. खिशातलं पाम नावाचं छोटं यंत्र टुणटुणलं की उठतो आणि बाहेर येऊन फोन लावतो, एवढंच.

अडीचशे डॉलरला पडलं. चव्वेचाळीसने गुणून रुपये काढत बसू नका. ऑफिसात सगळ्यांकडे आहे, मीटिंगच्या वेळा त्यावरच ठरतात, आणि नवा कोट घ्यायचा होता तो मी या वर्षी घेतलेला नाही. पाम थ्री एक्सई म्हणतात याला. तुमच्या लाल डायरीसारखं शर्टाच्या खिशात मावतं. आत तारखा, पत्ते, कामांची यादी, टिपणं. रिमोटमधले असतात तसले दोन बारीक सेल घातले की कित्येक आठवडे बघायला नको. सेल बदलताना मात्र मिनिटभरात नवे घालावे लागतात, नाहीतर आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून रोज रात्री स्टँडवर ठेवून बटण दाबतो, की सगळं कॉम्प्युटरात उतरतं. म्हणजे तुमच्यासारखी दुहेरी नोंद.

आई, गंमत म्हणजे यावर लिहायला अक्षरं पुन्हा गिरवावी लागतात. पडद्याखाली छोटी चौकट आहे, डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. प्लास्टिकच्या काडीने, हात न उचलता. 'ए'ची मधली रेघ काढायचीच नाही. 'व्ही'ला उजवीकडे शेपूट दिलं नाही तर त्याचा 'यू' होतो. ओट्याखाली पाटी घेऊन बसायचो आणि तू पोळी लाटता लाटता वरूनच "पोट मोठं झालं 'अ'चं, पूस" म्हणायचीस, तस्संच. मराठी याला येत नाही. तुझा गोडा मसाला इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलाय. दगडफूल त्यात कसं दिसतं ते तू बघायला हवंस! आणि हो, मी वेळेवर जेवतो. कुकर रोज लागतो, वरणभात-तूप असतं. बाहेरचं क्वचितच.

आता मुद्द्याचं. दर रविवारी तू सांगतेस ती उपाशीपोटीची साखर मी यातच टिपत आलोय. परवा सगळे आकडे एकाखाली एक पाहिले. एकशे दहा. एकशे दहा. एकशे दहा. आंब्याचा अख्खा मोसम एकशे दहा! आई, तू लॅबमध्ये जातेस ना गं? मला घोर नको म्हणून सांगतेस, कळतं मला. रागावलेलो नाही. पण अप्पांच्या वेळीही घरात सगळे "बरं आहे"च म्हणत होते.

म्हणून तुम्हाला न विचारता ठरवून टाकलंय. राजूशी बोललोय. १५ जुलैला शनिवारी सकाळी सातला तो रिक्षा घेऊन येईल आणि मिरजेला नेईल. आषाढी एकादशी तोवर होऊन गेलेली असेल, उपासाचं निमित्त चालणार नाही. उपाशीपोटीची साखर तर बघतीलच, शिवाय एचबीए१सी करायला सांगितलंय. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दिसते, तेव्हा आदल्या दिवशी गोड सोडून काही उपयोग नाही. रक्त दिलं की तिथेच बसून खायचं. डब्यात उपमा ने. अंगणात अनवाणी जायचं नाही, तुळशीला पाणी घालायलासुद्धा नाही. आकडा काहीही आला तरी कुणी तुला बोलणार नाही, मी शब्द देतो.

बाबा, तुम्ही बरोबर जायचं. स्कूटर काढायची नाही. तुमचा रक्तदाबही त्याच फेरीत बघून घ्या, गोळी संपत आली असेल तर येताना आणा. रिपोर्ट फोनवर आईने सांगायचा नाही, तुम्ही चष्मा लावून वाचायचा, कागदावर असेल तसा. तुम्ही लाल डायरीत लिहा, मी इकडे लिहितो.

फोन नेहमीसारखा रविवारी आठला करीन. त्या वेळी दूधवाल्याचा हिशेब काढून बसू नका.

तुमचा,
सुहास

ता. क. राजूच्या हातात रिक्षाचे पैसे कोंबू नका. ते मी त्याच्याशी बघतो.