नकाशा गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कोणती पुस्तकं द्यावीत, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. भाषा, चित्रं, छपाई, किंमत या सगळ्याचा विचार त्यात आहे. नकाशाबद्दल मात्र एक ओळही नाही. मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी मुलांचा वाचनवर्ग घेते. अद्भुत कथेच्या पुस्तकात नकाशा असला की मुलं आधी त्यावर तुटून पडतात, हे नेहमी बघते, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद वर्गासाठी घेतला. मूळ पुस्तकात नकाशा आहे, अनुवादात तो गाळलेला. प्रकाशकांकडे चौकशी केली, तर ‘गोष्टीला त्याने काही फरक पडत नाही’ असं सांगण्यात आलं. हे मला अजिबात मान्य नाही. स्टीव्हनसनने १८८१ साली स्कॉटलंडमध्ये सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मली. उर्सुला ले ग्विन यांनी आपल्या अद्भुत कादंबऱ्यांमधल्या अर्थसी या जगातली बेटं आधी कागदावर काढली, मग तिथली माणसं लिहिली. टोल्किन यांच्या ‘हॉबिट’मधल्या (१९३७) बुटक्यांच्या नकाशात वरच्या बाजूला उत्तर नसून पूर्व आहे आणि गुप्त दाराच्या किल्लीचं भोक कसं सापडेल ते चंद्रप्रकाशातच दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. पाचवी-सहावीतलं मूल ते पान उलटंसुलटं धरून बघतं. ते पानच काढून घेतल्यावर त्याने काय शोधायचं?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती म्हणजे दिशा. कल्पनेतल्या देशाचा नकाशा काढणारा लेखक चांगलं कुठे नांदतं आणि वाईट कुठे, हे पहिलं प्रकरण सुरू होण्याआधीच सांगून टाकतो. टोल्किन यांच्याकडे अमरांचा देश पश्चिमेला समुद्रापार आणि अंधाराचं राज्य पूर्वेकडे. सी. एस. लुईस यांच्या नार्निया या कल्पित देशात पूर्व पवित्र, कारण अस्लान या देवासमान सिंहाचा स्वतःचा देश तिकडे. पण दक्षिणेला वाळवंट ओलांडलं की कॅलोरमेन लागतं. तिथले लोक सावळे, डोक्याला फेटे, बाजारात गुलाम विकणारे, आणि त्यांचा देव गिधाडाच्या डोक्याचा, चार हातांचा. आमच्या वर्गातल्या एका सहावीतल्या मुलीने नार्नियापासून खाली बोट फिरवत आणलं, वाळवंटापलीकडे थांबवलं आणि विचारलं, ‘‘आजी, फेटे बांधतात आणि देवाला चार हात, म्हणजे ही आपली माणसं का?’’

पुस्तक काढून घ्यावं असं मला वाटलं नाही. ते सुंदर पुस्तक आहे. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये बसून लिहिणाऱ्याला वाळवंटापलीकडचं जग असं दिसत होतं, एवढं सांगितलं आणि पुढच्या शनिवारी अर्थसीची गोष्ट सुरू केली. तिथे नायक तांबूस-तपकिरी कातडीचा आणि पूर्वेकडच्या बेटांवरून लुटालूट करायला येणारे गोरे. त्या मुलीने ती बेटं नकाशावर लगेच हुडकली. असं शेजारी ठेवून बघता येतं ते दोन्ही नकाशे हाताशी असले तरच.

आपल्या गोष्टीही यातून सुटलेल्या नाहीत. ‘तीन दिशांना खुशाल शिकारीला जा, दक्षिणेला मात्र जाऊ नकोस’ असं राजपुत्राला बजावलेलं असतंच, कारण ती यमाची दिशा. वर्गातल्या एका मुलाने नकाशा काढताना सगळ्यात चांगलं राज्य दक्षिणेला ठेवलं. कारण विचारलं, तर त्याचं आजोळ कराडला आहे! मला ते फार आवडलं. मुलांच्या हाती पेन्सिल दिली की दिशांचे जुने अर्थ असे सहज बदलतात.

शिवाय नकाशांसाठी लागणारी सामग्री आपल्याकडे काही कमी नाही. पुराणांत मेरूभोवती जंबुद्वीप, आणि एकापलीकडे एक अशी सात द्वीपं. त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड्या पाण्याचा समुद्र. घरच्या पूजेत गुरुजी ‘जंबुद्वीपे’ म्हणतात ते हेच, हे सांगितल्यावर मुलं चकितच झाली. दह्याच्या समुद्रात होडी वल्हवता येईल की रुतेल, यावर अर्धा तास वाद चालला. आपल्या पुण्यातली नावं घ्या: उपाशी विठोबा, गुपचूप गणपती, खुन्या मुरलीधर, वेताळ टेकडी. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवाईत तळं होतं आणि सारसबागेतला गणपती त्यातल्या बेटावर होता. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव त्यामुळेच पडलं. राजगडाच्या सुवेळा माचीवर कड्याला आरपार भोक असलेलं नेढं आहे. इतकं सगळं दाराशी असताना, हल्ली माझ्या हाती आलेल्या काही मराठी अद्भुत कथांत राज्यांना कुठल्याच भाषेतली नसलेली, उगाच परकी वाटणारी नावं दिलेली दिसली. मुलं ती दुसऱ्या पानावर विसरतात. खुन्या मुरलीधराला खुन्या का म्हणतात, हे मात्र प्रत्येकाला जाणून घ्यायचं असतं.

प्रकाशकांना माझी विनंती आहे, अनुवादात मूळ नकाशा ठेवाच, आणि तो देवनागरी अक्षरांत नव्याने काढून घ्या; इंग्रजी नावांचा नकाशा तसाच चिकटवू नका. काढणाऱ्या चित्रकाराचं नाव अनुवादकाच्या नावाशेजारी छापा. बालसाहित्याचे दिवाळी अंक काढणाऱ्यांनी निदान एका गोष्टीला तरी नकाशा द्यावा. आणि आपल्या पुरवणीत मुलांनी काढलेल्या कल्पित देशांच्या नकाशांना कधीमधी जागा मिळाली, तर आमच्या वर्गातले नकाशे मी आपल्या कार्यालयात स्वतः आणून देईन.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
सहकारनगर, पुणे