काउंटरवरच्या पोरांना शिकवतंय कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हॉटेलातल्या स्टाफला बोलायची पद्धत नाही, असं जो तो म्हणतो आणि मॅनेजमेंट काय करतं तर एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवतं, प्रोजेक्टर, हसून बोला, गेस्ट नेहमी बरोबर असतो वगैरे, संध्याकाळी सर्टिफिकेट आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मी बरीच वर्षं फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनवर, काढलीत म्हणून लिहितोय.

एकदा रात्री दोनला एक गेस्ट आले, खांद्यावर झोपलेलं मूल, आणि बुकिंग काही सापडेना. काउंटरवरचा मुलगा नवीन, तीनदा म्हणाला "सर, सिस्टीममध्ये दिसत नाहीये". बोलणं एकदम नम्र हो, पण मान एकदाही स्क्रीनवरून वर नाही. ड्युटी मॅनेजर मॅडमनी येऊन रूम काढून दिली, गेस्टसमोर त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. शिफ्ट सुटताना मागे बोलावून विचारलं, "त्यांच्या खांद्यावर काय होतं रे?" तो म्हणाला, "बॅग असेल." मॅडम हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत, "उद्या असंच झालं तर आधी काय करशील?" एवढंच. मग त्यानेच सांगितलं, आधी बसायला सांगीन, पाणी देईन, मग शोधीन. कोचिंग कोचिंग म्हणतात ते हेच, स्लाइडवर ग्रो मॉडेल म्हणून दाखवतात ना, काय साधायचंय, आत्ता कुठे आहोत, पर्याय काय, मी काय करणार, ते सगळं त्या पाच मिनिटांत झालं.

मेंटॉर वेगळा. ह्या लाइनमध्ये राहू का, सेल्सला जाऊ का, सुपरवायझर त्रास देतो काय करू, हे विचारायला माणूस लागतो. आणि आपल्याकडे मेंटॉर म्हणून नेमतात कोणाला, तर अप्रेझल, म्हणजे कामाचा शेरा, भरणाऱ्या साहेबालाच! त्याच्यासमोर कोण खरं बोलेल?

आर्ली हॉकशील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये एअर होस्टेसच्या कामाबद्दल लिहिताना भावनिक श्रम हा शब्द वापरला, म्हणजे पगारासाठी चेहरा सांभाळणं हेही कामच आहे. डबल शिफ्ट करून आलेल्या, सकाळीच लॉबीत सगळ्यांदेखत बोलणी खाल्लेल्या मुलीने दहा मिनिटांत गोड हसायचं, ते वरवरचंच असणार, आणि गेस्टला ते बरोबर कळतं.

अधिकाराचंही तेच. रिट्झ-कार्लटन ह्या बड्या हॉटेलांच्या साखळीत साधा कर्मचारीसुद्धा गेस्टची अडचण सोडवायला 2000 डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, वरच्याला न विचारता. बऱ्याच ठिकाणी चेक-आउट अर्धा तास पुढे ढकलायलाही सही लागते, मग तो पोरगा "विचारून सांगतो" शिवाय काय बोलणार, आणि आपण म्हणतो अॅटिट्यूड बघा ह्याचा.

मालक आणि जनरल मॅनेजर लोकांना एकच सांगणं, हे शिकवणं-बोलणं ड्युटी रोस्टरमध्ये घाला, शिफ्टच्या वेळेत. घरी जायच्या घाईत असलेल्याला अर्धा तास फुकट थांबवून मेंटॉरिंग केलं तर त्याचं लक्ष घड्याळाकडेच असतं, माझंही असायचं.

आपला,
एक जुना फ्रंट ऑफिसवाला