मोडी वाचून देणाऱ्या काकांना जाहीर पत्र

काका,
सप्रेम नमस्कार.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर चहाही तुम्हीच पाजलात. आता हे चारचौघांत आभार मानणं तुम्हाला आवडणार नाही, तरी वाचा.

पूर्वजांची नावं शोधायला निघालो तेव्हा आमच्या घरात सगळ्यांची भिस्त जनगणनेवर. 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, म्हणजे खापरपणजोबांचं नाव त्यात असणारच! तुम्ही हसलात. ‘‘त्यात गावची डोकी घावतील, नावं न्हाईत.’’ छापील अहवालांत संस्थानाचे, जातींचे, धंद्यांचे आकडे तेवढे. माणसागणिक भरलेला कागद 1948 च्या कायद्यानुसार बघायलाही मिळत नाही. तुम्ही आम्हाला वळवलंत ते कोतवाल बुकाकडं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीकडं, आणि जमिनीच्या जुन्या कागदांकडं.

मोडीत शब्द सुटे नसतात, सगळी ओळ एका दमात. ‘बिन’ आलं की बापाचं नाव, ‘कोम’ आलं की नवऱ्याचं, एवढं धरून आम्ही वाचायला लागलो. फसली सालात, म्हणजे जुन्या महसुली सालात, 590 मिळवले की इसवी सन येतं, जानेवारी ते मे मधली तारीख असेल तर 591, हेही तुम्हीच शिकवलंत. पण खरं तुमचं कसब दिसलं एका नोंदीपाशी. बाईच्या नावातलं दुसरं अक्षर लागेना. आम्ही अंदाज सांगत सुटलो. तुम्ही गप्प. त्याच कारकुनाच्या हातची मागची पानं उलटत राहिलात, ओळखीच्या गावाच्या नावात तेच वळण सापडेपर्यंत. मग म्हणालात, ‘‘आता लिवा.’’

ती बाई म्हणजे माझ्या पणजोबांची आई. वय बावीस, कारण गाठीचा ताप. 1899 चा प्लेग. आम्ही जिला आजवर त्यांची आई समजत होतो, ती दुसरेपणाची. तिनंच त्यांना वाढवलं, हे आता कळलं. जातीच्या दाखल्यासाठी केलेल्या आमच्या वंशावळीत दोघीही नाहीत. तिथं नुसते बाप आणि मुलगे. असली वंशावळ म्हणजे अर्धं घर, असं माझं मत झालंय.

सुगीनंतर हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारे, गावात आले की त्यांच्या वहीशी हे ताडून बघणार आहे.

भावकीतले दोघं आपापली कागदं घेऊन तुमच्याकडं निघाले होते. त्यांना तुमचा पत्ता दिलेला नाही. आधी मोडीच्या वर्गाला नाव घाला म्हणालोय.

तुमचा,
वारणाकाठचा विद्यार्थी