दम लागणाऱ्या रुग्णांचे पायही तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार असल्याचे निदान झाले. तिने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही. मात्र घरात गॅस येईपर्यंतची तीस वर्षे चुलीपुढे, पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या धुरात गेली. आजार सुरुवातीच्याच टप्प्यात असल्याचे स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीत, दिसले. इनहेलर मिळाला आणि त्यासोबत ‘कष्टाची कामे बंद, आता आराम करा’ हा सल्लाही मिळाला, जो आम्ही घरच्यांनी जरा अतिच मनावर घेतला. वर्षभरात ती हाताचा टेका घेतल्याशिवाय जमिनीवरून उठेनाशी झाली आणि आम्ही सगळा दोष फुप्फुसांनाच देत राहिलो.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने तिच्या मांड्यांकडे लक्ष वेधले. या आजारात मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू दुबळा होतो आणि त्यासाठी आजार बळावावाच लागतो असे नाही. ब्रिटन व नेदरलँड्समधील रुग्णांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम अवस्थेतील २८ टक्के रुग्णांमध्येही ही दुर्बलता आढळली होती. दीर्घकाळ न थकता काम करणारे स्नायुतंतू कमी झाले की थोड्याशा चालण्यानेही रक्तात लॅक्टिक आम्ल साठू लागते, ते निभावण्यासाठी श्वास वाढवावा लागतो आणि तो वाढीव भार आधीच अरुंद झालेल्या श्वासनलिकांवर पडतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने पाय आणखी खंगतात आणि मग पूर्वीपेक्षा कमी अंतरात दम लागतो. वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉईडच्या गोळ्या आणि डाळ-अंड्यांना पारखे झालेले ताट यांचीही त्यात भर पडते.

‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. परंतु दम लागणारा माणूस कामे एकदम सोडत नाही. आधी निंदणाला जाणे थांबते, मग वेचणीला, मग वावराच्या धुऱ्यापर्यंतची फेरीही. त्यात आपला उन्हाळा! पारा ४५ अंशांच्या घरात असताना असा रुग्ण एप्रिल-मे बाजेवरच काढतो आणि मृग लागल्यावर ‘औंदा दमा वाढला’ म्हणतो. त्यातला किती दमा आणि किती मांडी, हे कोणी मोजलेलेच नसते.

मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठ-बस करायला लावायचे आणि घड्याळ पाहायचे; १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार पायांच्या ताकदीबाबत शंका घ्यावी. गुडघेदुखीनेही वेळ वाढतो, म्हणून तेही विचारावे. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्यात धाप लागण्याचा आणि स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न आहेच. ज्यांची उत्तरे काळजीची वाटतील, त्यांची ही उठ-बस तिथेच मोजून नोंदवावी, आणि गरज दिसेल त्यांना स्पायरोमेट्रीसाठी पाठवताना फिजिओथेरपिस्टचीही गाठ घालून द्यावी. फुप्फुस पुनर्वसनाचे कार्यक्रम साधारण सहा ते आठ आठवड्यांचे असतात आणि त्यात चालण्यासोबत पायांची ताकद वाढवणारे व्यायाम असतात. त्यासाठी दर खेपेला जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे मजुरी बुडवणाऱ्याला परवडणारे नाही. तेव्हा हृदयविकार वगैरे नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर पुढचे व्यायाम उपकेंद्रातच घेता यावेत, अशी व्यवस्था आरोग्य विभागाने करावी.

पत्नी आता सकाळी ओसरीवर दहा-दहाच्या दोन खेपा उठ-बस करते. प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवावी लागते, एवढीच काय ती अडचण.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ