तक्रार: दोन चांगले नॉक्स सेन्सर बदलून बिल लावलं, फॉल्ट निघाला अर्थिंगच्या बोल्टात

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,
व्हील लोडर विभाग

साहेब नमस्कार. कस्टमर केअरवर तक्रार नोंदवली होती, ती तुमच्या सिस्टीममध्ये "काम पूर्ण" म्हणून बंद झाली आणि मशीन त्याच संध्याकाळी परत पॉवर कापून उभं राहिलं, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतोय. सोबत बिलाच्या कॉप्या आणि व्हिडिओ जोडलेत, ते बघा आणि मगच उत्तर द्या, "आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे" असला तयार मेसेज पाठवू नका.

लोडर आमच्या खडी क्रशरवर चालतो, मी आणि माझा भाऊ आळीपाळीने चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही. १ एप्रिल २०२१ नंतर जे सीईव्ही स्टेज ४ चे (बांधकाम मशीनच्या धुराचे) नियम लागू झाले त्यातलं मशीन, म्हणजे धूर साफ करायला युरियाची टाकी, तो सोडणारं डोसिंग, धुरातला नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजणारे सायलेन्सरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन नॉक्स सेन्सर, सगळं लटांबर आहे. घेताना तुमच्या सेल्सवाल्याने सांगितलं होतं की नवीन सिस्टीम आहे पण काळजी करू नका, काही झालं तर कॉम्प्युटर स्वतःच सांगतो काय बिघडलंय. कॉम्प्युटरने सांगितलं हो. तुमच्या माणसाला ते वाचता आलं नाही.

झालं असं की मशीन सकाळी चालू केलं की काही नाही, इंजिन गरम झालं की दहापंधरा मिनिटांनी डॅशबोर्डवर लाईट लागायची आणि बकेट भरून रॅम्पवर चढवायला गेलं की पिकअपच गेलेला. तुमचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला, दोन कोड निघाले, एसपीएन ३२१६ एफएमआय ९ आणि एसपीएन ३२२६ एफएमआय ९. एसपीएन म्हणजे कुठल्या जागी, एफएमआय म्हणजे कसला बिघाड. ३२१६ पुढच्या नॉक्स सेन्सरचा, ३२२६ मागच्याचा. त्याने कोड बघितले आणि लगेच म्हणाला सेन्सर गेला, मागचा आधी बदलू. बदलला. कोड क्लिअर केले, थंड इंजिन चालू करून दाखवलं, लाईट नाही, सही घेतली आणि गेला. चहा प्यायला जरी थांबला असता तरी त्याच्या समोरच लाईट लागली असती, कारण एक्झॉस्ट पुरेसा तापेपर्यंत नॉक्स सेन्सरचा हीटर पूर्ण जोरात चालूच होत नाही, आणि आमचा फॉल्ट यायचाच तेव्हा.

परत फोन केला तर पुढचाही सेन्सर बदलला. तरीही तेच. मग म्हणाले तुमच्या युरियात भेसळ आहे, टाकी रिकामी करा. मी म्हटलं साहेब रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात युरिया किती ते मोजायचं यंत्र) लावून बघा ना, पाहिजे तेवढं ३२.५ टक्के येतंय का नाही ते दोन मिनिटांत कळेल, तर म्हणे तो आणला नाही. टाकी रिकामी करायला लावली, नवीन युरिया माझ्याच पैशाने भरला. त्यानंतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल म्हणून कोटेशन पाठवलं, तो आकडा बघून भावाने फोन बाजूलाच ठेवला.

आता माझा मुद्दा नीट ऐका. एफएमआय ९ चा अर्थ सेन्सर खराब असा नाही. सेन्सरकडून कॅन लाईनवर (मशीनमधले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यावर) जो मेसेज ठराविक वेळाने यायला पाहिजे तो येत नाहीये, एवढंच तो कोड सांगतो. व्होल्टेज जास्त असतं तर एफएमआय ३ आला असता, कमी असतं तर ४, सर्किट तुटलेलं असतं तर ५. नॉक्स सेन्सर साधा दोन वायरचा सेन्सर नाही, त्याला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर आहे, त्याला सप्लाय पाहिजे, अर्थ पाहिजे आणि कॅनच्या दोन वायरी पाहिजेत, यातलं एक जरी नीट मिळालं नाही तरी तो गप्प बसणार आणि ईसीयू ९ नंबर टाकणार. आणि दोन वेगवेगळे सेन्सर, दोन वेगवेगळ्या जागी, एकाच मिनिटाला मरतात का हो? घरातले दोन बल्ब एकदम गेले तर आपण बल्ब आणायला दुकानात जात नाही, आधी फ्यूज बघतो. दोघांचं जे कॉमन आहे ते बघायला पाहिजे होतं, फ्यूज, रिले, अर्थ. मी हे तुमच्या इंजिनिअरला तिथेच विचारलं होतं, तो म्हणाला "सॉफ्टवेअर जे सांगतं ते आम्ही करतो".

शेवटी तालुक्याच्या गावातला आमचा ओळखीचा वायरमन आणला, शिक्षण म्हणाल तर आयटीआय, हातात एक मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प. त्याने पहिले बॅटरीचा कटऑफ बंद करून ९ पिनच्या डायग्नोस्टिक कपलरमध्ये सी आणि डी या कॅनच्या पिनला मीटर लावला, ६० ओहम आले, म्हणजे लाईनच्या दोन्ही टोकांचे समांतर जोडलेले १२० चे रेझिस्टर जागेवर आहेत, कॅनच्या मेन लाईनवर संशय नको. मग सेन्सरचा कपलर काढून सप्लाय बघितला, मीटरवर पूर्ण व्होल्टेज. इथे कुणीही फसलं असतं, कारण रिकाम्या कपलरला मीटर लावला की करंट जवळपास वाहतच नाही, त्यामुळे गंजलेला जॉइंट पण पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याने त्याच दोन पिनांवर टेस्ट लॅम्प लावला तर तो नुसता लालसर मिणमिणला. मग कपलर परत जोडला, मीटरची एक प्रोब थेट बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी मागून सेन्सरच्या अर्थ पिनला लावून इंजिन चालू ठेवलं. आधी जवळपास शून्य, आणि जसे हीटर चालू झाले तसा आकडा वर वर चढत नऊ व्होल्टच्या आसपास गेला, लगेच डॅशबोर्डवर लाईट. अल्टरनेटर २८ देतोय, त्यातले नऊ अर्थमध्येच वाया, सेन्सरला राहिले वीसच्याही खाली, त्यात मशीनचे हादरे, मग तो मेसेज कसा पाठवणार?

अर्थची ती वायर धरून मागे मागे गेलो तर कॅबिनखाली चेसीसच्या ब्रॅकेटवर एकच बोल्ट, दोन्ही सेन्सरचे अर्थ त्याच्यावर. बोल्ट काढला तर लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली कंपनीचा पिवळा रंग जसाच्या तसा! म्हणजे फॅक्टरीत रंगावरच लग बसवून आवळलाय, जो काही करंट जायचा तो बोल्टाच्या आट्यांमधून, आणि क्रशरवरची धूळ, पाणी बसून त्या आट्या गंजल्या. रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. तेव्हापासून एकही कोड नाही. वायरमनने जेवढे पैसे घेतले तेवढ्यात तुमच्या इंजिनिअरच्या गाडीचं डिझेल पण येत नसेल.

याच्यावर तुमच्या ऑफिसचं म्हणणं काय, तर बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला म्हणून वॉरंटी गेली, आणि इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही. बाहेरच्या माणसाने एक बोल्ट साफ केलाय, व्हिडिओ आहे, कुठे वायर कापलेली नाही. उलट तुम्ही माझे दोन चालू सेन्सर काढून नेलेत आणि ते खराब होते याचा टेस्ट रिपोर्ट आजपर्यंत दिलेला नाही.

आणखी एक, रागाने सांगतोय पण खरं आहे. आमच्याकडे क्रशरवर येणारे काही जण म्हणतात की ईसीयूला फसवणारा एक बॉक्स लावून घे, युरियाची कटकटच बंद. मी ते केलं नाही, करणारही नाही. ५६ ते १३० किलोवॅटच्या इंजिनला किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅम नॉक्सची मर्यादा उगाच घातलेली नाही, क्रशरच्या शेजारीच वस्ती आहे आणि आमची पोरं पण तीच हवा घेतात. पण तुमची सर्व्हिस अशीच राहिली तर लोक तो बॉक्स लावणारच, आणि मग कुणाला नावं ठेवणार?

तर मला पाहिजे ते असं: दोन्ही सेन्सरचे, युरियाचे आणि व्हिजिट चार्जचे पैसे परत, नाहीतर माझे जुने सेन्सर टेस्ट रिपोर्टसकट परत. वॉरंटी चालू असल्याचं लेखी पत्र. या मॉडेलचा वायरिंग डायग्राम, निदान सप्लाय आणि अर्थ कुठे कुठे आहेत एवढं पान तरी द्या, मशीन विकताना सिक्रेट नव्हतं तर रिपेरीला सिक्रेट कशाला. आणि याच बॅचच्या बाकीच्या लोडरचे तेवढे अर्थ बोल्ट तपासून घ्या, कारण आमच्याच भागात अजून एकाला हेच दोन कोड येतायत आणि त्याला पण सेन्सरचंच कोटेशन गेलंय. त्याला मी फोन करून थांबवलंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. व्यावसायिक मशीन आहे म्हणून ग्राहक नाही असं तुमचे वकील म्हणतील, पण २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे, ते मी वाचून ठेवलंय. आणि यापुढे माझ्याकडे जो माणूस पाठवाल त्याच्याकडे लॅपटॉपबरोबर मल्टीमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर असेल तरच गेटच्या आत घेईन.

कळावे,
आपला ग्राहक
(खडी क्रशर, सातारा जिल्हा. मशीन नंबर आणि फोन बिलावर आहे.)