'किरकोळ' कोणी ठरवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात बस अपघाताच्या बातमीत 'तिघे गंभीर, बाकीचे किरकोळ जखमी' असं वाचलं. अपघात संध्याकाळचा, बातमी रात्रीची. एवढ्यात किरकोळ कोणी ठरवलं?

माझा भाचा असाच 'किरकोळ' होता. सहा वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, लोकलच्या दारातून गर्दीच्या लोंढ्याबरोबर प्लॅटफॉर्मवर फेकला गेला. सोबत पडलेल्याच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं, तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. स्ट्रेचर त्याच्याकडे गेलं. आमचा भाचा आपल्या पायांनी चालत येऊन बाकावर बसला होता. मी पोचलो तेव्हा डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, कपाळ गार आणि घामाने ओलं. "मामा, पाणी दे." दोनदा म्हणाला. हमालाला बोलावलं तर उत्तर मिळालं, "ते चालतायत ना? आधी मेमो होऊ द्या." मेमो म्हणजे जखमीला रुग्णालयात पाठवायची स्टेशन मास्तरची चिठ्ठी. पाऊण तास गेला. रुग्णालयात कळलं, प्लीहा फाटून पोटात रक्त साचत होतं. वाचला, पण थोडक्यात.

चालतो त्याला आधी बाजूला काढा, ही रीत चुकीची नाही. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला बसवलेली 'स्टार्ट' पद्धत, म्हणजे एकदम अनेक जखमी असले की आधी कोणाकडे बघायचं ते ठरवायची रीत, तेच सांगते. चालणाऱ्याला हिरवी चिठ्ठी, म्हणजे हा थांबू शकतो. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० च्या वर, नख दाबून सोडल्यावर २ सेकंदांत लाली परतत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी आढळलं तरी लाल, म्हणजे याला आधी उपचार. माणशी मिनिटभराचं काम. पण हिरव्यांना पुन्हा पुन्हा तपासायचं असतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहतं. तरुण माणसाचं १५ ते ३० टक्के रक्त गेलं तरी रक्तदाब बऱ्याचदा जागेवर दिसतो, नाडी मात्र धावत असते. त्या पाऊण तासात कोणी नुसतं मनगट धरून पाहिलं असतं तरी कळलं असतं. ओरडणाऱ्याचा श्वास निदान मोकळा असतो. गप्प बसलेल्याकडे आधी बघायला हवं, हे स्टेशनवरच्या प्रत्येकाला शिकवायला काय हरकत आहे?

तुमच्या वार्ताहरांनीही डॉक्टरांनी सांगेपर्यंत कोणाला 'किरकोळ' लिहू नये.

आणि पहिल्या पानावर त्या बाईंचा रक्ताळलेला चेहरा कशासाठी छापलात? त्यांच्या घरीही पेपर येत असेल.

– एक वाचक, विक्रोळी